चौथी वळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि त्याचा तर अखेरपर्यंत ठाम समज होता की माझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. बहिणीला नाही. सरांना तर नाहीच, आणि सर आता या जगात नाहीत, तेव्हा तो दरवाजाही बंद झाला. लिहायला याआधी तीनदा बसले. पहिल्यांदा शेतावरच्या बायका जेवायला आल्या म्हणून उठले, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली म्हणून, आणि तिसऱ्यांदा — तिसऱ्यांदा उठायला काहीच कारण नव्हतं, तरी उठले. आज दाराला कडी लावून बसलेय.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं केलंस तरी काय? एका शंखाच्या तोंडात माझी सुई घसरली. झालं, सांगितलं. ऐकून हसू येईल. मलाही कधी कधी येतं. पण सुई घसरणं हा काही गुन्हा नव्हे, ते कुणाच्याही हातून होतं. मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे, आणि तिथपर्यंत जायला मला थोडा वेळ लागेल. एवढा धीर धरा.

मी कोळवणची. नोकरीची सगळी वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत गेली, दगड झालेल्या समुद्री गोगलगायी ओळखण्यात. गावात हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, कुणाच्या वावरात सापडतात? आमच्या मुळशीत नाही हो सापडत. इथला खडक सगळा काळा, लाव्ह्याचा, त्यात समुद्राचं काही नाही. आमचे नमुने यायचे कच्छहून, पोत्यांत भरून, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लाखो वर्षांपूर्वीचा शंख आणि त्याच्यावर कालपरवाच्या क्रिकेटचा धावफलक.

काम काय, तर ओळखायचं. हा कोण, कुठल्या कुळातला, आधी कुणाला सापडलाय का, की नवीनच आहे. शंख हातात आला की आधी वेढे मोजायचे. शेंडा उंच आहे की बसका ते बघायचं. वेढ्याच्या खांद्यावर गाठी आहेत का, असल्या तर एका फेऱ्यात किती. खालची नळी लांब की आखूड, ओठ जाड की पातळ. पण या कशावरच डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण बाहेरचं सगळं झिजतं. लाटांनी झिजतं, वाळूने झिजतं, मग दगड झाल्यावर उन्हापावसाने झिजतं. म्हणून शेवटी तोंडात बघायचं. शंखाच्या मधोमध एक दांडा असतो, सगळे वेढे त्याच्याभोवती फिरलेले असतात. त्या दांड्यावर तिरके उंचवटे असतात, तोंडातून आत आत जाणारे. आम्ही त्यांना वळ्या म्हणायचो. तुमच्या देवघरात शंख असेल तर त्याच्या तोंडात बोट घालून बघा, लागतील. त्या वळ्या किती आणि कशा, यावरून जात ठरते. आतलं सहसा झिजत नाही, म्हणून आतल्यावर आमचा विश्वास.

आता इस्माईलभाई. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी आजवर तीनदा उठले.

इस्माईलभाई पौडचे. माझ्याच वयाचे, एखाद-दोन वर्षांनी मोठे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पौडच्या बाजारात चिकनच्या दुकानावर त्यांनी एक कोंबडा रंगवला होता. एसटीची वाट बघता बघता मी त्याच्या पायांकडे पाहत राहिले. पायावरचे खवले एकेक काढलेले. बोटं बरोबर चार, तीन पुढे आणि एक मागे. चिकनच्या पाटीसाठी कोण एवढं बघतं? मी दुकानदाराला नाव विचारलं, त्यांना गाठलं आणि सरांकडे, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांकडे, घेऊन गेले. सरांनी एक शंख पुढे ठेवला आणि काढा म्हणाले. त्या दिवसापासून इस्माईलभाई आमच्या विभागाचे चित्रकार झाले. नोकरी हंगामी, पण दरवर्षी पुढे चालू व्हायची, कारण तसा हात दुसरा कुणाला नव्हता.

फोटो असताना चित्र कशाला, असं सगळेच विचारतात. फोटोत सावल्या येतात, तडे येतात, दगडावरचे डाग येतात. चित्रकार त्यातून शंख तेवढा वेगळा काढून दाखवतो. त्यासाठी त्याने एकच नियम पाळायचा असतो. दिसेल तेच काढायचं, असायला हवं ते नाही. इस्माईलभाई तो नियम नमाजासारखा पाळायचे. मी कोळवणला एसटीत बसायचे, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती धरून ठेवायचे, पौडला ते चढायचे. दहा वर्षं आम्ही असे सोबत गेलो. मला ताई म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा बर्फीचा पहिला तुकडा एसटीतच माझ्या हातावर ठेवला.

बघा, मी अजून शंखापर्यंत आलेच नाही. येते.

तीन शंख होते, एकाच जागेवरून आलेले. दोन फुटके, त्यांच्या तोंडात दगड इतका घट्ट बसलेला की काढायला गेलं तर शंखच जाईल. तिसरा मात्र अख्खा, मुठीएवढा. त्याच्या तोंडातली माती मी बरीचशी काढली, दांडा दिसायला लागला, आणि तो इस्माईलभाईंच्या टेबलावर दिला. चार दिवस बसून त्यांनी चित्र केलं. दांड्यावर तीन वळ्या. वरची जाड, मधली त्याहून बारीक, खालची रुंद आणि बसकी. सुंदर चित्र होतं. माझ्या मते तो आधीच माहीत असलेल्या जातीचाच शंख होता, तिलाही तीनच वळ्या असतात. फरक होते ते गाठींचे, शेंड्याचे. तेवढ्यावर नवी जात उभी राहत नाही.

मग सर म्हणाले फोटो काढून ठेव. तोंडात खोलवर थोडी माती राहिली होती, ती फोटोत दिसली असती, म्हणून मी पुन्हा सुई घेतली. भिंगाखाली काम चाललं होतं. बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि — नाही. हाक वगैरे कुणी मारली नव्हती. बावीस वर्षं मी ती हाक मनात घालून ठेवली आहे. मी घाईत होते, एवढंच. सुई सटकली आणि खालच्या रुंद वळीवरून लांबच्या लांब ओढली गेली. शंख खडूसारखा मऊ झालेला होता. एका झटक्यात त्या वळीच्या मधोमध खाच पडली. एकीच्या दोन झाल्या.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. नमुन्यासोबतच्या कार्डावर लिहायचं, साफ करताना इथे इजा झाली, आणि खाली सही. लाज वाटते, पण सगळेच कधी ना कधी लिहितात. मी लिहिलं नाही. महिन्याभरापूर्वीच माझ्या हातून एका शंखाचा शेंडा तुटला होता आणि सरांनी सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं होतं. पुन्हा ते नको होतं. नंतर लिहू म्हटलं. उद्या लिहू.

आणि फोटो काढला. आमच्याकडे फोटोआधी नमुन्यावर पांढऱ्या धुराचा पातळ थर देतात, मॅग्नेशियमची फीत जाळून. त्याने दगडाचे डाग झाकले जातात आणि उंचसखल तेवढं उठून दिसतं. ताज्या खाचेचा रंग वेगळा असतो, फिकट, कुणीही ओळखेल. धुराखाली सगळं एकसारखं पांढरं झालं. मी मुद्दाम केलं नाही, ते रोजचंच होतं. पण प्रिंट हातात आली तेव्हा मला दिसलं की ती खाच अगदी खरी वाटतेय. आणि मला हायसं वाटलं.

सोमवारी सरांनी बोलावलं. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, धरलं त्यांनी. तर सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या हातात ती प्रिंट होती. सर निवृत्तीला आले होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी नावं दिलेले शंख ओळखत आले होते, आणि एखादी जात आपल्याही नावावर असावी असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नसलं तरी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणाले, मोज. मी मोजल्यासारखं केलं. म्हटलं, हो सर, चार.

तेव्हा सांगता आलं असतं ना? आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. सर चिडले असते, आठवडाभर बोलले नसते, पुढच्या महिन्यात विसरले असते. मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मूग गिळून बसले.

हा झाला पहिला भाग. इथपर्यंतचं मी एखाद्या वेळी कुणाला सांगूही शकले असते, गंमत म्हणून, निवृत्तीच्या समारंभात वगैरे. पुढचं नाही.

लेख लिहायला घेतला तेव्हा सरांनी फोटोशेजारी इस्माईलभाईंचं चित्र ठेवलं. चित्रात तीन, फोटोत चार. त्यांनी इस्माईलभाईंना बोलावलं. मी तिथेच होते, खिडकीपाशी. सर रागावले नव्हते, त्यांनी नुसतं विचारलं. इस्माईलभाई म्हणाले, "सर, मी बगितलं तवा तीनच हुत्या." सरांनी शंख त्यांच्या हातात दिला, त्याच्यावरचा धुराचा पांढरा थर अजून तसाच होता. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग शंख खाली ठेवला.

सर माझ्याकडे वळले. तू त्यांना नमुना दिलास तेव्हा तोंड पूर्ण साफ होतं ना, असं त्यांनी विचारलं. कळतंय तुम्हाला? सुटकेचा रस्ता सरांनीच उघडून दिला होता. नव्हतं सर, थोडी माती होती, एवढं म्हटलं असतं तरी इस्माईलभाई सुटले असते. पण मग सरांनी विचारलं असतं, नंतर तू साफ केलंस का, कशाने, दाखव बरं. आणि भिंग आणलं असतं.

मी म्हटलं, "स्वच्छ करूनच दिला होता मी."

पाच शब्द. तेवढ्यात एक माणूस खोटा पडला. सर इस्माईलभाईंना मऊ आवाजात म्हणाले की होतं असं कधी कधी, पुन्हा काढा. त्या मऊपणानेच ते जास्त खचले असावेत. त्यांनी पुन्हा काढलं. चार वळ्या. कोपऱ्यात सही केली.

अजूनही नाही संपलं. त्या संध्याकाळी एसटीत ते खिडकीशी बसून होते. पौड यायच्या आधी म्हणाले, "ताई, ती मधली खाच लई धारदार हाय. बाकीच्या वळ्या कशा गोल, घासल्यावानी. हिची कड तशी न्हाई."

त्यांना दिसलं होतं! सरांना दिसलं नाही, पुढे तो लेख तपासणाऱ्या मोठमोठ्या लोकांना दिसलं नाही, आणि या माणसाला एका नजरेत दिसलं होतं. उघड आरोप नव्हता त्यात. ते मला विचारत होते, कारण मी त्यांची ताई होते आणि मला शंखांतलं कळत होतं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, इस्माईलभाई, डोळ्यांना तसं वाटतं कधी कधी. चाळिशी उलटली आपली. एकदा तपासून घ्या.

तर डोळ्याच्या डॉक्टरकडे त्यांना सरांनी नाही पाठवलं. मी पाठवलं.

डॉक्टरने जवळचा नंबर काढून दिला. बेचाळिसाव्या वर्षी कुणाचा निघत नाही? माझाही होता. पण इस्माईलभाईंना तो पुरावाच वाटला. तिथून पुढे त्यांचा हात थरथरला नाही, पण भरवसा गेला. एक गाठ काढायची तर दहादा मोजायचे, खोडायचे, शेजारच्याला बोलावून विचारायचे, इथं सहाच हायेत ना? जे चित्र चार दिवसांत व्हायचं त्याला महिना लागायला लागला. दीड वर्षाने त्यांनी स्वतःहूनच येणं थांबवलं. सरांना म्हणाले, चुकीचं काही माझ्या हातून छापलं जायला नको. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी झाली आणि मी महिनाभर सवयीने तिथे पिशवी ठेवत राहिले.

पाट्याही त्यांनी नंतर रंगवल्या नाहीत. पौडला तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान टाकलं. चांगलं चालतं. म्हणतात, आता मशीन बघतंय, मी नुसतं बटण दाबतोय.

शंखाचं काय झालं? त्याचं सगळं छान झालं. नवी जात म्हणून लेख छापून आला, सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. नाव काय दिलं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर लोकांनी त्याचे दाखले दिले. एकाने तर त्या चार वळ्यांवरून त्या कुळाची एक वेगळी शाखाच मांडली, कोण कुणापासून झालं त्याचा तक्ता काढून. माझ्या सुईपासून झालं, हे कुठल्या तक्त्यात बसायचं? नमुना आमच्याच कपाटात होता आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. कुणी बघायला आलं की मी आधी फोटो दाखवायचे, फोटो इतका स्पष्ट होता की लोक त्यावर समाधान मानायचे. निवृत्त होताना किल्ली दिली, तेव्हा वाटलं आता कुणीतरी कपाट उघडेल, भिंग लावेल, दहा मिनिटांत कळेल. मला भीती वाटत होती तितकीच आशाही होती. दोन वर्षं झाली. कुणी बघितलेलं नाही. मीच वाट बघत अडकून बसलेय, की कुणीतरी मला पकडावं.

आणि पकडलं तरी काय होणार आहे? पेन्शन कुणी काढून घेणार नाही. सरांना काही कळणार नाही. चार माणसं एक लेख लिहितील की अमुक जात रद्द समजावी. त्याचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. मला भीती एकाच माणसाची आहे, आणि तो मला भेटला की स्टूल पुढे करतो.

कारण मी आठवड्यातून एकदा पौडला जातेच. बँक असते, भाजी असते, शेताचे कागद असतात. इस्माईलभाईंचं दुकान टाळून जाता येत नाही असं नाही, पण टाळलं तर ते विचारतील ना, ताई, आला न्हाईत? म्हणून जाते. दुकानात गिऱ्हाईक असलं तर त्याला सांगतात, ह्या आमच्या ताई, ह्यांनी मला पाटीवरनं उचलून शास्त्रात नेलं. गिऱ्हाईक मान डोलावतं. मी हसते. वीस वर्षं मी ते हसू हसतेय, आता ते आपोआप येतं.

आता शेवटचं. याच वर्षीचं. बाकी सगळं जुनं आहे, म्हटलं तर नोकरीतली भीती म्हणून त्याच्यावर पांघरूण घालता येईल. ह्याच्यावर नाही घालता येणार.

आफरीन त्यांची मुलगी. जिच्या बर्फीचा तुकडा मी एसटीत खाल्ला होता ती. बापाला मी ताई, म्हणून ती मला आत्या म्हणते. एका दुपारी मी सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढायला गेले तर दोघंही दुकानात गप्प बसलेली, घरात वाद झाल्यावर बसतात तशी. इस्माईलभाईंनी सांगितलं ते असं. आफरीनला बंगळुरूला एका ठिकाणी प्रवेश मिळाला होता, झाडांची, प्राण्यांची शास्त्रीय चित्रं काढायला शिकवतात तिथे, दोन वर्षं. शिष्यवृत्तीसकट. आणि इकडे हिंजवडीच्या एका कंपनीतही नोकरी लागत होती, कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज तपासायची. शुक्रवारपर्यंत बंगळुरूला कळवायचं होतं. पोरीचा जीव तिकडे होता. आणि बापाचा विरोध लांब जाण्याला नव्हता, पोरगी एकटी राहील यालाही नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घराण्यातच नजर कच्ची आहे, ती चाळिशीत दगा देते, आणि तेव्हा माणूस ना इकडचा राहतो ना तिकडचा.

"माजं ऐकू नको," ते तिला म्हणाले. "ह्या हुत्या तितं. ह्यांना इचार. ताई सांगतील ते मला मान्य हाय."

आफरीनने आधी मला तिची वही दाखवली. भातखाचरातला खेकडा काढला होता. मी चाळीस वर्षं हेच केलंय, मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी मोजायला लागले. पायांचे सांधे मोजले. नांग्यांचे दात मोजले, एका नांगीचे दुसऱ्यापेक्षा बोथट, तसेच असतात. कुठे एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. दिसेल तेच काढलेलं.

मग तिने विचारलं, "आत्या, अब्बांच्या डोळ्यांनी खरंच दगा दिला होता का हो?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मशीन बंद होतं. मला कुठे जायची घाई नव्हती, कुणी हाक मारली नाही. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. बावीस वर्षांपूर्वी सरांनी रस्ता उघडून दिला होता, तसाच तो आता पुन्हा समोर होता, आणि या खेपेला तर माझं काहीही जाणार नव्हतं. फक्त समोर बसलेला माणूस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघणार होता. तेवढंच.

मी म्हणाले, "हो. नजरेत फरक पडला होता त्यांच्या. मी तिथेच होते."

तिने विचारलं, चष्म्याने सुधारलं नाही का. याचं उत्तर मला येत नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हणाले. नाही, नाही सुधारलं.

तिने वही मिटली आणि पिशवीत ठेवली. रडली वगैरे नाही, समजूतदार पोरगी आहे. बरं, म्हणाली. इस्माईलभाईंनी समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. माझा हात हातात घेतला, असा त्यांनी कधीच घेतला नव्हता, आणि म्हणाले, "लई बरं झालं, ताई. माजं खरं वाटत न्हवतं तिला. तुमी पोरीला वाचवलंत." चहा आला. मी तो पूर्ण प्यायले.

आफरीन आता हिंजवडीला जाते. सकाळी सातला पौडच्या स्टँडवर कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असते. मला कधी लवकर पुण्याला जायचं असलं की माझी एसटी तिथे थांबते आणि ती मला बघून हात करते. परवा खिडकीपाशी आली. अब्बांनी सलाम सांगितलाय म्हणाली. मी विचारलं, चित्र काढतेस का गं? म्हणाली, नाही आत्या, वेळ नाही होत, आणि डोळेही जपायला हवेत ना.

एसटी सुटली. मी तिला थांबवलं नाही, उतरले नाही, काही बोलले नाही.

त्या शंखाला तीन वळ्या होत्या. इस्माईलभाईंनी तीनच काढल्या होत्या. त्यांच्या नजरेला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.